डिसेंबरमध्ये पुण्यात दाखवू

टेक्ससमधल्या प्लेनोच्या आमच्या मराठी मंडळात मी काही काळ कौतुकाचा विषय होतो. कंपनीने स्वतःहून जाणाऱ्यांना बरं पॅकेज देऊ केलं, मी साठीच्या आत ते घेतलं. घराचं कर्ज फिटलेलं होतं, मुलगी बेलव्ह्यूला नोकरीला लागलेली. तरुण मुलं मला पार्किंगमध्ये गाठून विचारायची, "काका, किती जमले की नोकरी सोडता येते?" शेवटी मंडळाने एका रविवारी हॉलमध्ये माझं भाषणच ठेवलं.

मी फारसा बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी बोललो. शेवटी एकाने विचारलं, "काका, हेल्थ इन्शुरन्सचं काय? सरकारी मेडिकेअर पासष्टीला. तोपर्यंत?"

"सोपं आहे," मी म्हणालो. "तोपर्यंत आजारी पडायचं नाही."

हॉल हसला. मग मी खरं उत्तर दिलं. दात, डोळे, रक्त, गुडघे, जे काय असेल ते साठवून ठेवायचं आणि डिसेंबरमध्ये पुण्यात दाखवायचं. यावर कोणी हसलं नाही, कारण त्यात नवीन काही नव्हतं. आम्ही सगळेच हे करतो. नोकरी आणि चांगला विमा असतानासुद्धा करतो. लग्नकार्याची खरेदी, बँकेची कामं आणि डॉक्टर, सगळं त्या तीन आठवड्यांत. माझ्या विनोदावर पहिल्या रांगेत बसलेली माझी बायकोही हसली होती.

नोकरी सुटल्यावर मी आमच्या दोघांसाठी घेतला तो सगळ्यात स्वस्त विमा होता. म्हणजे असं, की दर वर्षी एक मोठी रक्कम आधी स्वतःच्या खिशातून भरायची, मग विमा कंपनी जागी होणार. आणि एक जानेवारीला मीटर परत शून्यावर. बरं, त्यासाठी निवृत्तीच्या बचतीतून जास्त पैसे काढावेत, तर उत्पन्न जास्त दिसतं आणि हप्त्यात मिळणारी सरकारी सूट जाते. मी या सगळ्याचा इतका बारीक विचार केला होता की त्याला हात लावायची मला भीती वाटायची. पत्त्यांचा बंगला बांधलेल्या माणसाला खिडकी उघडायची वाटते, तशी.

ऑगस्टमधली गोष्ट. बायको मेथी निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, मला परत सुरू झालंय."

"काय?"

"ते. बंद होऊन चांगली पाच-सहा वर्षं झाली होती ना."

आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात हा विषय आम्ही कधी शब्दांत बोललो नव्हतो. ती मेथीच्या काड्यांकडे बघत होती. "थोडंच आहे. डाग पडतात. पण दोन-तीनदा झालं."

मी बघू म्हणालो आणि उठून बाथरूममध्ये गेलो. दार लावून फोनवर शोधलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. मी ती ओळ वाचली आणि फोन बंद केला. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणजे नुसता डॉक्टर नव्हे, हे मला माहीत होतं. मग सोनोग्राफी, मग तुकडा काढून तपासणी, प्रत्येकाचं बिल वेगळं, आणि आधी भाव विचारला तर कोणी सांगत नाही. त्यातून काही निघालं तर या वर्षीचे पैसे भरायचे, आणि उपचार लांबले की जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून. काही निघणार नाही, असंही मी मनाशी म्हटलं. वयाप्रमाणे होत असेल.

बाहेर येऊन मी तिला म्हणालो, "इथे त्या डॉक्टरसमोर इंग्रजीत हे सगळं सांगणं तुला जड जाईल. मागे एकदा किती अवघडली होतीस. पुण्यात तुझ्या मावसबहिणीच्या ओळखीच्या डॉक्टरबाई आहेत. डिसेंबरमध्ये जातोच आहोत, तिथे दाखवू. आपल्या भाषेत."

तिचा चेहरा सैल झाला. "बरं झालं तुम्हीच म्हणालात," ती म्हणाली. "मला तेच वाटत होतं. पण म्हटलं, तुम्ही मला बावळट म्हणाल."

पैशाचा शब्द मी उच्चारला नाही.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे फराळ करायला तिची मैत्रीण आली होती. माझ्या मित्राची बायको, नागपूरची. आवाज असा की गॅरेजमध्येही ऐकू यावा. मी शेजारच्या खोलीत डब्यांत चिवडा भरत होतो.

"काय बसून राहिली तू? चकल्या मी तळू अन् कौतुक तुझं?"

"दमायला होतं गं हल्ली," बायको म्हणाली. नंतर ती हळू आवाजात बराच वेळ काही सांगत राहिली. मैत्रिणीचा आवाज मात्र हळू झाला नाही.

"ऑगस्टपासून? अन् तू चकल्या पाडून राहिली? प्लेनोतले डॉक्टर मेले का सगळे?"

"अगं, हेच म्हणाले पुण्यात दाखवू. मला इंग्रजीत सांगायला लाज वाटते म्हणून. एवढा विचार कोण करतं? तुझा करेल?"

"माझा तर दही कुठे ठेवलं ते फ्रिजसमोर उभा राहून विचारतो. ते जाऊ दे. उद्या मी नेते तुला. इंग्रजी मी बोलते, तू फक्त मान हलव."

बायको हसली. मी चिवड्याचा डबा घेऊन आत गेलो, तेव्हा मैत्रीण वळून म्हणाली, "भावोजी, सांगा हिला. उद्या नेऊ ना?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तिकिटं काढलीच आहेत. थोडे आठवडे राहिलेत. तिला बरं वाटेल तिथेच दाखवू."

मैत्रिणीने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तिने तेलाखालची आच कमी केली आणि म्हणाली, "तुमची मर्जी."

पुण्यातल्या डॉक्टरबाईंनी तपासलं, तुकडा पाठवला, आणि मग सगळं फार भराभर झालं. ऑपरेशन नववर्षाच्या आधीच झालं. रोग गर्भपिशवीच्या बाहेर गेला होता. बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. आवाज चढवला नाही. "पहिल्यांदा दिसलं तेव्हाच आला असतात तर बहुधा पिशवी काढून भागलं असतं. अमेरिकेत असून थांबलात?"

मी तोंड उघडण्याआधी बायको म्हणाली, "माझाच संकोच नडला हो डॉक्टर. मीच लाजत बसले."

मी तिच्या शेजारी बसलो होतो. मी रिपोर्टचे कागद फाइलमध्ये लावत राहिलो.

त्यानंतर ती हेच सगळ्यांना सांगू लागली. मुलगी फोनवर रडत ओरडली, "आई, why would you wait? कोण थांबतं असं?" तर ही म्हणाली, "माझीच चूक गं, बाबांना नको बोलूस." मुलगी मग मला म्हणाली, "बाबा, इन्शुरन्स होता ना आपला?" मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं. रोज थोडं थोडं करत तिच्या सांगण्यातली गोष्ट बदलत गेली. आधी 'आम्ही थांबलो' होतं, त्याचं 'मी थांबले' झालं. पुढे पुढे तर 'हे न्यायला तयार होते, मीच नको म्हटलं' इथवर आली. मला वाटतं तिला ते खरंच तसं आठवायला लागलं होतं. केमोने थकून पडलेली असताना ती छताकडे बघत स्वतःला दोष द्यायची, मोठ्याने, जशी काही माझीच समजूत घालतेय. "तुमच्यामागे काय लावून दिलं मी," म्हणायची.

जानेवारीत इथे परत येऊन केमो सुरू केली, तेव्हा वर्षाची सगळी रक्कम पहिल्याच खेपेला भरली गेली. त्यापुढे आम्हाला काही भरावं लागलं नाही. त्याला एक कमाल मर्यादा होती, ती मला पहिल्यापासून माहीत होती. निवृत्तीच्या वर्षी आम्ही स्वयंपाकघराचा ओटा बदलला, पांढरा दगड, करड्या रेघांचा. त्याला याहून जास्त पैसे लागले होते. रोज सकाळी मी त्याच ओट्यावर तिची पेज करतो.

गेल्या महिन्यात केमोहून परतताना गाडीत मंडळातल्या एका मुलीचा फोन आला. स्पीकरवर होता. "काकू, महिला दिनाला तुम्ही बोलाल का? बायकांनी लाजू नये, वेळेवर दाखवावं, असं काहीतरी. तुमचा अनुभव."

"बोलेन गं," बायको म्हणाली. तिच्या आवाजात किती दिवसांनी धुगधुगी आली होती. "माझ्या मूर्खपणातून एखादी शहाणी झाली तरी पुष्कळ."

कार्यक्रम त्याच हॉलमध्ये होता. रुमाल बांधलेल्या डोक्याने ती तिथे उभी राहणार, आणि मी पहिल्या रांगेत बसणार.

गॅरेजमध्ये गाडी बंद केली आणि मी उतरलो नाही. "तू लाजलीस म्हणून नाही झालं," मी म्हणालो. नंतर मेथीच्या दिवसापासून सगळं सांगितलं. बाथरूम सांगितलं. जानेवारीचं मीटर सांगितलं. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. हिशेब समजावून देतो तसं मी बोलत होतो, आणि ते ऐकताना मलाच माझी किळस आली.

ती डॅशबोर्डकडे बघत होती.

"फोनवर वाचलं होतंत? त्याच दिवशी?"

"हो."

"आणि ती न्यायला तयार होती, तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

"मी तुमचं कौतुक करत होते तिच्यापाशी," ती म्हणाली. "तुम्ही आत डबे भरत ऐकत होतात."

मी मान हलवली.

"पैसे नाहीत म्हणाला असतात तर मी स्वतःहून थांबले असते कदाचित. माहीत नाही. पण मग तो निर्णय माझा असता. आता निर्णयही माझा नाही, चूकही माझी नाही."

पाठीला आधार द्यायला मी हात पुढे केला. तिने तो बाजूला केला, स्वतः दार उघडलं, आणि पायरीपाशी भिंत धरून उभी राहिली. "भाषण मी करणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही करा. त्या पोरांना तुम्हीच शिकवलंत ना."

त्या दिवसापासून ती मुलीच्या खोलीत झोपते. पेज घेते. औषध विचारलं तर सांगते. बाकी बोलत नाही. दोन खेपा राहिल्या आहेत, त्यानंतर काय ते स्कॅन सांगेल.

काल मंडळातल्या त्या मुलीचा परत फोन आला. बायको समोर बसून पेज ढवळत होती. मी सांगितलं की काकूंऐवजी मी बोलेन. मुलगी गोंधळली. "काका, महिला दिन आहे पण... बरं, चालेल. विषय काय लिहू?"

"डिसेंबरमध्ये पुण्यात दाखवू," मी म्हणालो.

तिला वाटलं मी विनोद करतोय. ती हसली. बायको हसली नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, किती दिवसांनी, आणि पुन्हा पेज ढवळायला लागली.