पळसखोऱ्याचा रस्ता बंद नाही

आधी दुरुस्ती. दिवाळीपूर्वीच्या लेखात मी लिहिलं होतं की अनसिंगच्या पुढे पळसखोऱ्याला जाणारा घाटरस्ता बंद आहे, जोडप्यांनी तिकडचा बेत करू नये. हे चूक आहे. रस्ता बंद नाही. तेव्हाही नव्हता. रस्त्यात आडवे मांडलेले दगड मी पाहिले, एवढंच खरं. दगडांच्या पलीकडे सोयाबीन वाळत घातलं होतं. काढणीच्या दिवसांत आमच्याकडे डांबरी रस्त्याचंच खळं होतं. अर्ध्या रस्त्यावर ताडपत्री, कडेनं दगड आणि उरलेल्या अर्ध्यातून गाड्या. हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मी जन्मभर आधी कारंज्याच्या आणि मग वाशिमच्या दुकानामागच्या खोल्यांत राहिले. मला ठाऊक नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

रिठदच्या एका वाचक ताईंनी तो लेख वाचून नवऱ्यासोबतचा बेत रद्द केला, असं कळवलं. त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलं नाही.

दुरुस्ती पहिल्याच परिच्छेदात का, तर माझी पहिली शाळा घरात झाली म्हणून. दम्यामुळे चौथीपर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं. माझे मोठे काका दुकान उघडायच्या आधी रोज दोन तास शिकवायचे. त्यांचे दोनच नियम होते. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहायचं नाही. आणि चुकलं तर दुरुस्ती पानाच्या वर लिहायची, खाली नाही. घरात शिकवता येईल ते सगळं त्यांनी शिकवलं. सायकल तेवढी खोलीत शिकवता आली नाही.

म्हणून स्कूटर मी लग्नानंतर शिकले, सव्विसाव्या वर्षी. त्याला कारण होतं. संकेतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लहानपणापासून लांबचं नीट दिसत नाही. चष्म्यानंही पुरतं भागत नाही. कापडाचा रंग तो बोटांनी सांगेल, पण त्याला गाडी चालवता येत नाही. लग्नाला दीड वर्ष झालं आणि आम्ही दोघंच असे कुठेही गेलो नव्हतो. बाहेर जायचं म्हणजे दीर गाडी चालवणार. माहेरी जायचं म्हणजे काका कारंज्याहून गाडी आणि चालक पाठवणार. आमच्या प्रत्येक फोटोत कुणीतरी तिसरा आहे, आणि तिसरा नसेल तर फोटो त्यानंच काढलेला आहे.

दिवाळीपूर्वीचा प्रवास हा ते बदलायचा पहिला प्रयत्न होता. तो घाटाच्या पायथ्याशी संपला.

पळसखोऱ्यात आमची वाट बघणाऱ्या होत्या सुमनताई. त्या आणि त्यांचे यजमान सुखदेवभाऊ भाजीपाला पिकवतात. बाजाराच्या दिवशी आमच्या कापडदुकानाच्या पायरीशी त्यांचा मेथी-पालक असतो. "एकडाव या ना आमच्याकडं, दोघंच या," असं वर्षभर म्हणत होत्या. आम्ही जैन, सूर्यास्ताआधी जेवणारे, कांदा-लसूण न खाणारे, हे लक्षात ठेवून त्या दिवशी त्यांनी दुपारपासून चूल पेटवली होती. आम्ही पोहोचलोच नाही. पुढच्या बाजाराला मी रस्ता बंद असल्याचं सांगितलं, तशी त्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"रस्ता बंद होता, तं मी दर बाजारले कशी येतो वो बाई? उडून येतो का?"

तिथल्या तिथे ठरलं. डिसेंबरातल्या एका शनिवारी परत निघायचं.

माझं नियोजन उलट्या दिशेनं चालतं, ते सांगते, कारण आमच्यासारखं जेवण असलेल्यांना उपयोगी पडेल. आधी सूर्यास्त बघायचा. डिसेंबरात तो पावणेसहाच्या आसपास. म्हणजे पाचला पानावर. म्हणजे साडेचारला मुक्कामी. म्हणजे घाट तीन ते चारच्या मध्ये, आणि अनसिंगला अडीचच्या आत. आम्ही दीडला वाशिम सोडलं. टाकी वाशिमलाच भरली, तीनशे रुपयांत दोन्ही दिवस निघाले. चाकांची हवा मी दोनदा तपासून घेतली. दुसऱ्यांदा हवा भरणारा म्हणाला, "ताई, आत्ताच तं भरली. एवढ्यात कुठं जाते?"

अनसिंगपर्यंतचा रस्ता चांगला आहे. मी चाळीसच्या वर जात नाही, तरी पाऊण तासात पोहोचलो. दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडायला लागलेली, मध्ये हरभऱ्याचे हिरवे पट्टे. अनसिंगला चहा दहा रुपये आणि सोबत घरून आणलेल्या दशम्या. टपरीच्या बाकावर दोन म्हातारेबुवा बसले होते. मी हेल्मेट काढलं तशी एकानं दुसऱ्याला कोपर मारलं.

"पाह्य, बाई चालवून राह्यली अन् बुवा मांगं बसून राह्यला."

संकेतनं चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "काका, मांगं बसाले लय हिंमत लागते. तुमी बसून पाहा एकडाव."

बाक हसला. मी हसले नाही. मला पुढचं वळण दिसत होतं.

अनसिंगहून पळसखोऱ्याचा फाटा लागतो, तिथून सात-आठ किलोमीटर सरळ. मग एक कडुलिंब, आणि लिंबानंतर चढ. लिंबाखाली मी गाडी थांबवली. दगड अजून होते, पण बाजूला, गवतात ढकललेले. रस्ता मोकळा, काळा, सरळ वर गेलेला.

इथं मला एक गोष्ट सांगायची होती. ती मी मागच्या लेखातही लिहिली नव्हती आणि संकेतलाही सांगितली नव्हती. मागच्या वेळी त्यानं मागून विचारलं होतं, "रस्ता बंद आहे का?" आणि मी हो म्हणाले होते. दगडांजवळ जाऊन बघायला वीस पावलं लागली असती. मी गेले नाही. दगड दिसले तेव्हा मला बरं वाटलं होतं. चढ चुकला म्हणून बरं वाटलं होतं. आणि ज्या माणसाला लांबचं दिसत नाही, त्याला मी माझ्या डोळ्यांनी खोटं सांगितलं होतं.

हे सगळं मी गाडीच्या आरशाकडे बघत बोलले. मागे वळायचा धीर नव्हता.

संकेतनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "ताडपत्री निळी होती."

"काय?"

"निळी. एवढं तं दिसते मले. अन् सोयाबीनचा वास आंधळ्यालेबी येते."

"मग बोलला काहून नाही?"

"तू ब्रेक सोडतच नव्हती. म्हटलं, आज नाही तं नाही. घाट कुठं पळून चालला?"

मला रडू आलं आणि रागही आला. दीड महिना मी एकटीनं वाहिलेलं ओझं त्याच्याकडे पहिल्यापासून होतं. "पुढच्या वेळी बोलायचं," मी म्हणाले. "पुढच्या वेळी तू बी खरं सांगायचं," तो म्हणाला. हिशेब बरोबर होता.

"उतरू का मी? चढ तुला हलका जाईल."

"नको. बसून राहा."

घाट फार मोठा नाही. जाणकार हसतील. दीड किलोमीटरात चार वळणं, पण तिसरं वळण उजवीकडे असं वळतं की पुढचं काही दिसत नाही आणि चढ तिथंच सगळ्यात उभा आहे. पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्यावर वरून कापसानं भरलेला ट्रॅक्टर आला. कापसाचं ओझं दोन्हीकडून इतकं फुगलेलं की रस्ता उरलाच नाही. मला भर चढावर थांबावं लागलं. हीच ती गोष्ट, जिच्या भीतीनं मी रात्री जागत असे. दोन्ही ब्रेक दाबलेले, पाय जेमतेम टेकलेले, मागे एक अख्खा नवरा.

ट्रॅक्टरवाला वरून ओरडला, "ताई, मांगं घ्या जराशीक!"

मागे उतार होता. मी मान हलवली. "तुमी घ्या!" माझ्या तोंडातून निघालं, आणि माझा आवाज इतका मोठा असू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानं माझ्या मागचा उतार पाहिला. मग "घेतो बाप्पा, घेतो," म्हणत ट्रॅक्टर कडेच्या गवतात दाबला. कापसाचा एक बोंडभर पुंजका माझ्या हेल्मेटवर चिकटून राहिला. आता चढावरून गाडी उचलायची होती. मागच्या ब्रेकवरचा हात हळूहळू सोडत दुसऱ्या हातानं वेग दिला. (नव्यानं शिकणाऱ्यांनो, ब्रेक आधी पूर्ण सोडू नका. वेग धरला की सोडा.) गाडी एक वीत मागे गेली. संकेतचे हात माझ्या खांद्यावर होते, ते आवळले नाहीत. मग गाडी पुढे निघाली. चौथं वळण कधी गेलं ते मला आठवत नाही.

वर सपाटी आहे. आम्ही थांबलो. खाली अनसिंगकडचा सगळा मुलूख पसरलेला, तुरीच्या पिवळ्यात मधेच एखादं तळं चमकत होतं. "काय काय दिसते, सांग," संकेत म्हणाला. मी सांगत गेले. लांबच्या गोष्टी, एकेक करून. जे दिसलं तेच सांगितलं.

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही पळसखोऱ्यात होतो. मुक्कामाला लॉज शोधू नका, नाही. सुमनताईंनी आम्हाला सोयाबीनच्या पोत्यांची खोली झाडून दिली होती. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी आधी मला पाहिलं आणि मग सूर्य पाहिला.

"आल्या व माय! येळेवर आल्या. म्या पोरीले छतावर बसवलं होतं, सूर्य बुडाले लागला तं सांग म्हणून."

जेवणाच्या तयारीत त्यांचं आमच्यावरचं संशोधन चाललं होतं. लसणाशिवाय ठेचा कसा करतात, या प्रश्नावर त्यांनी भाजलेले शेंगदाणे घालून तोडगा काढला होता. वांगी मात्र त्यांची शान. माझ्या घरी वांगंही खात नाहीत, हे मी भीत भीत सांगितलं.

"वांगं बी नाही?" त्यांनी कपाळावर हात मारला. "मंग तुमी खाता तरी काय वो? हवा?"

खाल्लं ते असं: ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, मेथी, तो ठेचा आणि ताजं ताक. पाच वाजता पानं मांडली तेव्हा सुमनताईंनी घरातल्या सगळ्यांनाच बसवलं. रोज रात्री नऊला जेवणारे सुखदेवभाऊ ताटाकडे बघत म्हणाले, "एवढ्या उन्हात जेवाचं? अन् रातच्याले भूक लागली तं?"

"लागली तं सूर्याले बोलवा," सुमनताई म्हणाल्या. "मांगच्या डावाले पाव्हण्याचं जेवण ढोराले घातलं म्या. आज सगळे संगंच खातीन."

ते वाक्य मला लागलं, आणि ते बरोबर होतं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली. ही अर्धी शिक्षा असावी. मी संपवली. शेवटचा घास खाल्ला तेव्हा ऊन अंगणातल्या कडुनिंबाच्या शेंड्यावर होतं.

रविवारी सकाळी आम्ही गावामागच्या तळ्यावर गेलो. आम्ही दोघंच. पाण्यावर वाफ होती आणि टिबुकल्या, म्हणजे लहान पाणपाखरं, बुड्या मारत होती. तासभर कुणी काही विचारलं नाही, कुणाला घाई नव्हती, कुणी गाडीत वाट बघत नव्हतं. संकेत म्हणाला, "फोटो काढू?" आम्ही काढला. हात लांब करून, वाकडा. त्यात तिसरं कुणी नाही. बघायला चांगला नाही, पण घरी भिंतीवर तोच लावलाय.

परतताना घाट न उतरता पलीकडून आसेगावकडे गेलो. रस्ता अरुंद आहे, दोन ठिकाणी खडी उखडली आहे, तिथे वीसच्या वर जाऊ नका. आसेगावला गरम जिलबी मिळाली. हॉटेलवाल्यानं हेल्मेट कुणाच्या हातात आहे ते पाहिलं आणि मला विचारलं, "काहो ताई, भाऊले कुठं घेऊन चालल्या?"

मी काही बोलायच्या आत संकेत म्हणाला, "सासरवाडीले सोडून सगळीकडं. तिकडं न्यायची हिंमत नाही झाली अजून."

सगळे हसले. संध्याकाळी, ऊन असतानाच, आम्ही वाशिमला घरी होतो. दिरानं गाडीभोवती फेरी मारून ओरखडे शोधले. सापडले नाहीत. त्याला हेल्मेटवर कापूस सापडला.

काय उरलं, तर सुमनताई आता बाजारात इतर बायांना सांगतात की या बाईनं ट्रॅक्टरले मांगं घ्याले लावलं. दर वेळी ट्रॅक्टर मोठा होतो. तो एकच होता, आणि मागे नाही, कडेला गेला. इथे नोंदवून ठेवते. रिठदच्या ताईंना मी स्वतः कळवलं, त्या जाऊन आल्या. आणि संकेतचं ते जिलबीवरचं वाक्य उरलं. ते थट्टेत होतं, पण खरं होतं.

काल मोठ्या काकांचा फोन आला. नेहमीसारखंच म्हणाले, "घरी येऊन जा. रविवारी गाडी पाठवतो." मी बरं म्हणाले आणि फोन ठेवल्यावर स्वतःवर चिडले. दगड पाहून लिंबाखाली वाटलं होतं, तेच बरं वाटणं पुन्हा होतं: चढ चुकला.

काका, तुम्ही हा ब्लॉग वाचता आणि शुद्धलेखनाच्या चुका फोनवर सांगता, म्हणून दुरुस्ती इथेच करते. वर करायला हवी होती, पण हे सगळं आधी वाचल्याशिवाय तुम्ही मानलं नसतं. गाडी पाठवू नका. वाशिमहून मंगरूळपीर आणि तिथून कारंजा, मी रस्ता नकाशावर नाही, माणसांना विचारून घेतलाय. तुमचे जावई मागे बसतील. जेवण उन्हातच होईल.

चार जानेवारी, रविवार. सकाळी आठ वाजता निघते.