मेंढ्या चारत असताना

गेल्या आठवड्यात सोलापुरातल्या एका रोपवाटिकेत मोगऱ्याचं रोप घ्यायला गेले होते. माळ्याने खताची पिशवी फोडली आणि त्या उग्र, उबदार वासाने मी जागच्या जागी थबकले. लेंडीखत! पिशवीवर टपोऱ्या गुलाबाचं चित्र, मेंढीचा मात्र कुठे पत्ता नाही. "बाई, वास येतो जरासा, दोन दिवसांत जाईल," माळी ओशाळून म्हणाला. त्याला काय सांगणार कपाळ, की अरे बाबा, या वासात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली आहेत!

शहराच्या उत्तरेला, माळाच्या कडेच्या एका गावात मी शाळेत मराठी शिकवत होते. सरकारी कागदांत तो माळ पडीकच. पण दिवाळीच्या सुमाराला कुसळी गवत तांबूस पडलं आणि वारा सुटला, की या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याचा रंग पालटत जायचा आणि माझी व्याकरणाची तासिका तिथेच संपायची. त्या रंगात संथपणे सरकत असायची, सारं गाव ज्यांना मामा म्हणायचं, त्यांची मेंढरं. मामा जातीचे धनगर, त्यांच्या बापजाद्यांनीही याच माळावर कळप राखलेला. त्यांच्या एका हाकेसरशी सगळा कळप वळायचा. मी एकदा म्हटलं, "माझी पोरं काही इतकं ऐकत नाहीत हो." तर म्हणतात कसे, "म्या छडी न्हाय मारत बाई, म्हणून ऐकत्यात!"

एका वर्षी माळ चराईला बंद होणार अशी कुणकुण होती. माळढोक हा दुर्मिळ पक्षी तिथे राहतो, त्याला मेंढरांचा त्रास होतो, असं वरच्यांचं म्हणणं. काही भागाला तर बंदी लागलीच होती, पण हद्द कुठून कुठे ते गावात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. अशात श्रावणातल्या एका दुपारी मामा शाळेच्या ओसरीवर आले. "बाई, माळढोकानं अंडं घातलंय. एकच हाय, उघड्यावर. म्या मेंढरं लांबनं वळवली."

मी हरखून गेले. वाटलं, हाच तो पुरावा! मेंढरं आणि पक्षी एकाच माळावर सुखाने नांदतात हे वनखात्याच्या साहेबांना यातून कळेल, मामांची चराई वाचेल. मामांना ते फारसं पटलं नव्हतं. "कशाला कळवायचं? तिचं अंडं ती बघंल की." पण मी शिकलेली ना! हट्टाने मामांच्या नावाने अर्ज लिहायला बसले. 'माळावर मेंढ्या चारत असताना मला माळढोकाचे अंडे दिसले. त्यास इजा होऊ नये म्हणून मी माझा कळप दूरवरून वळवला.' दोनदा मोठ्याने वाचलं. स्वतःवरच खूश झाले. मामांनी खाली अंगठा उठवला.

अंडं नेमकं बंदीच्या हद्दीत होतं. साहेब आले, त्यांनी अंडं पाहिलं, तिथे राखणदार बसवला. आणि मग अर्जातल्या पहिल्या चार शब्दांवर मामांविरुद्ध गुन्हा नोंदवला. साहेब वाईट नव्हते. त्यांनी नियमाप्रमाणेच केलं. 'पुन्हा दिसलात तर मेंढरं जप्त होतील,' असं बजावून ते गेले. पुढे सगळ्याच माळाला कुंपण पडलं. खाली सगळी रानं उसाखाली गेलेली, कळप न्यायचा तरी कुठे? त्या दिवाळीच्या आत मामांनी मेंढरं विकली. टेम्पोत चढताना ती मागे वळून ओरडत होती आणि मामा त्यांना हाक मारत नव्हते, कारण हाक मारली असती तर ती उड्या टाकून परत आली असती. मी शाळेच्या दारातून पाहत होते. पुढे जायचं धाडस मला झालं नाही.

मला आजही माझ्या त्या शुद्ध मराठीची चीड येते. कुंपण पडायचं ते पडलंच असतं, अशी मी मनाची समजूत घालते; पण माणसाला त्याच्या पिढीजात माळावर गुन्हेगार ठरवणारं वाक्य माझ्याच हातचं होतं, ते काही खोडता येत नाही. बदली झाली तेव्हा मामांना न भेटताच निघून आले.

खताची ती पिशवी तशीच काउंटरवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी गावी गेले. मामा कुंपणापाशीच बसलेले सापडले, पार थकलेले. आत गवत कमरेएवढं माजलेलं. माळढोक कित्येक वर्षांत कुणाला दिसलेला नाही. "त्याला बुटकं गवत लागतं बाई," मामा म्हणाले. "लांबचं दिसाय लागतं, पळाय लागतं. आता ह्यात त्यो कुटं चालंल?" मग कुंपणाच्या आत बघत म्हणाले, "येवढं गवत, आन खायाला त्वांड न्हाय."

मला राहवेना. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बोलून टाकलं. तो गुन्हा माझ्या वाक्यामुळे लागला, मामा, मी तसं लिहायला नको होतं.

"म्हाईत हाय की," मामा शांतपणे म्हणाले. "सायबानं तवाच वाचून दावलं हुतं."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "त्यात खोटं काय हुतं, बाई? चारतच हुतो की."

 मी त्यांच्या शेजारी खाली बसले. कुंपणापलीकडे गवत उभ्या उभ्या वाळत चाललं होतं.