मावशींची गाडी आणि सदतीस पाकिटं

गाड्यांच्या शोरूममध्ये कोपऱ्यात एक छोटी काचेची केबिन असते. गाडी बघायला आलेल्या माणसाचं तिकडे लक्ष जात नाही. गाडी ठरली की मात्र त्याला तिथेच आणून बसवतात, कारण कर्जाचे कागद तिथे होतात. त्या केबिनमध्ये मी सहा वर्षं काढली, आणि त्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. गाडी विकून शोरूमला जेवढं सुटायचं नाही, तेवढं मी एका बैठकीत कागदांवर काढून द्यायचो. ही फुशारकी नाही. मावशी कोण होत्या ते कळायचं तर त्यांच्यासमोर कोण बसलं होतं तेही कळायला हवं.

मावशी मोठ्या दवाखान्यात एकतीस वर्षं वॉर्डात आया होत्या. चादरी बदलणं, भांडं देणं, स्ट्रेचर ढकलणं, माणूस गेला की त्याला पुसून नीट करणं. तिथे सगळेच त्यांना मावशी म्हणायचे, मोठे डॉक्टरसुद्धा. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी त्यांच्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. एक "नाही" तेवढं शाबूत राहिलं. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामासाठी न्यावं लागे, आणि दर वेळी भाड्याच्या गाडीवाल्याच्या हातापाया पडावं लागे. चाकाची खुर्ची बघितली की गाडीवाले पुढे निघून जायचे. तेव्हा मावशींनी ठरवलं, गाडी घ्यायची आणि आपणच चालवायची. एकोणसाठाव्या वर्षी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. परीक्षेत दोनदा नापास झाल्या. तिसऱ्या वेळी लायसन्स घेऊनच घरी गेल्या.

त्या दोघांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाहेर भाड्याची गाडी उभी होती, मीटर चालू होता आणि काका खुर्चीत कलले होते. मी मनात म्हटलं, झालं काम. आमची एक पद्धत होती. गिऱ्हाईक घाईत असलं की त्याला आधी थांबवायचं. चहा उशिरा आणवायचा, प्रिंटर बिघडलाय म्हणायचं, आणि माणूस पुरता कंटाळला की एकदम सगळे कागद पुढे सरकवायचे. मावशींना मी पावणेदोन तास बसवलं. गाडीच्या माहितीपत्रकामागे हप्ता लिहून दिला, सहा हजार सातशे पन्नास. मग म्हटलं, "मावशी, इथे, इथे आणि इथे. काका दमलेत, पटकन उरकू."

त्या सही करत होत्या तेव्हा काका म्हणाले, "नाही." मग पुन्हा, जरा मोठ्याने, "नाही, नाही."

मी हसलो. "काका घाबरतायत कर्जाला!"

मावशीही हसल्या आणि त्यांनी शेवटची सही केली.

महिन्याभराने पहिला हप्ता कापला गेला, आठ हजार एकशे नव्वद. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मावशी केबिनमध्ये हजर. असे लोक यायचे. तणतणत यायचे, आणि आरडाओरडा करणाऱ्याला गार करणं सगळ्यात सोपं असतं. मावशी मात्र शांतपणे बसल्या आणि माहितीपत्रक उलटं करून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

"हे अक्षर तुमचं ना?"

"हो, पण तो अंदाज होता. सही तुम्ही केलीय ना मावशी?"

"केली. सही माझी आहे. आकडा तुमचा आहे. वरचे चौदाशे चाळीस कशाचे, ते सांगा."

मी नेहमीची टेप लावली. गाडीच्या तळाला गंज न लागणारं कोटिंग, वाढीव वॉरंटी, रस्त्यात गाडी बंद पडली तर मदतीचं सभासदत्व, आणि कर्जाचा विमा. सगळे मिळून चौसष्ट हजार, तेही कर्जातच घातलेले, म्हणजे त्यांच्यावरही पाच वर्षं व्याज. यातलं मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं. सह्या घेतल्या तेव्हा त्या रकान्यांत आकडेच नव्हते.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कोटिंग दाखवा."

"ते खाली असतं, मावशी. दिसत नाही."

"गाडी वर उचला की."

हे आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी टाळायला बघितलं, पण त्या मागच्या दाराने थेट वर्कशॉपमध्ये गेल्या. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना म्हणाल्या, "दादा, एवढी गाडी वर घ्याल का?" मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. मावशी गाडीखाली जाऊन उभ्या राहिल्या. पर्समधून टॉर्च काढली आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सावकाश चालत गेल्या, एकेका जागी बोट फिरवत. पाच मिनिटं तरी गेली असतील. शेजारच्या गाड्यांवरची माणसं हातातली कामं टाकून बघत होती. मग त्यांनी विचारलं, "दादा, कोटिंग कसं दिसतं?"

"काळं असतं. जाड, रबरासारखं."

"इथे आहे?"

मिस्त्रींची नोकरी त्याच शोरूममध्ये होती. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होतो. ते म्हणाले, "नाही. या गाडीला काहीच मारलेलं नाही."

गोष्ट मॅनेजरसाहेबांपर्यंत गेली. त्यांनी साखर पेरली, सरबत मागवलं, कोटिंगचे चौदा हजार लगेच परत करायची तयारी दाखवली. "कारकुनाची चूक," असं म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. मावशी म्हणाल्या, "कोटिंगचं मिटलं. आता विमा."

इथे मी निर्धास्त होतो. म्हटलं, "विमा रद्द करायची मुदत तीस दिवसांची असते. तुमच्या गाडीला पस्तीस झाले."

"कुठे लिहिलंय?"

"पॉलिसीत."

"मग माझी पॉलिसी कुठाय?"

गेलं वर्षभर विम्याच्या अर्जावर मी गिऱ्हाइकाच्या पत्त्याऐवजी शोरूमचा पत्ता टाकत होतो. पाकिटं इथे यायची आणि माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहायची. गिऱ्हाइकाला पाकीट मिळालंच नाही, तर विमा आहे हे त्याला कळणार नाही, आणि कळलं नाही तर रद्द कोण करणार? मी ड्रॉवर उघडून त्यांचं पाकीट काढलं. बंदच होतं. मावशींनी ते फोडलं आणि माझ्याच हातात दिलं. "चष्मा गाडीत राहिलाय. वाचा."

मी वाचत गेलो. मुदतीच्या ओळीपाशी आलो आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. सहा वर्षं मी ते कलम लोकांच्या तोंडावर फेकत होतो. नीट वाचलं कधीच नव्हतं. "पॉलिसी ग्राहकाच्या हाती मिळाल्याच्या दिनांकापासून तीस दिवस."

"आज तारीख काय?" मावशींनी विचारलं. पाकिटावर त्यांनी तारीख घातली, खाली 'आज हातात मिळालं' असं लिहिलं आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "आता तुमची सही."

तीन आठवड्यांत सगळं परत आलं. विमा रद्द झाला, वॉरंटी आणि सभासदत्वही गेलं, हप्ता सहा हजार सातशे पन्नासवर आला. नवा कागद न्यायला मावशी आल्या तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचा. कागद अथपासून इतिपर्यंत वाचून त्यांनी घडी घातली. पण उठल्या नाहीत.

"त्या दिवशी ड्रॉवर भरलेला होता," त्या म्हणाल्या. "बाकीची पाकिटं कुणाची?"

मी ड्रॉवर गुडघ्याने आत लोटला.

"मुदत हातात मिळाल्यापासून सुरू होते. तूच वाचून दाखवलंस." पहिल्यांदाच त्यांनी मला 'तू' म्हटलं.

"मावशी, ही वाटली तर माझी नोकरी जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या. आवाजात धमकी नव्हती, दयाही नव्हती. पेशंटला सुई टोचणार असल्याचं सांगावं तसं सांगितलं. "गाडी बाहेर आहे. यांचा व्यायाम साडेचारला. तोवर तीन घरं होतील."

मी का उठलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्यात चांगुलपणा जागा झाला वगैरे म्हणायला मी धजत नाही. समोर ती बाई इतकी सरळ बसली होती की तिला 'नाही' म्हणायला मला तोंडच सापडेना. मी पाकिटं मोजली. सदतीस. साहेब दारातून ओरडत होते, "पाऊल बाहेर टाकलंस तर परत येऊ नकोस!" आणि मी पिशवी घेऊन मावशींच्या गाडीत मागे बसलो. काकांनी पुढच्या सीटवरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाले, "नाही."

"असू द्या हो," मावशी म्हणाल्या. "घरं यालाच माहीत आहेत."

अकरा दिवस आम्ही फिरलो. मावशी दुसऱ्या गिअरच्या वर जायच्या नाहीत. मागचे हॉर्न वाजवून हैराण व्हायचे आणि त्या आरशात बघून म्हणायच्या, "वाजवा, वाजवा, हौस भागवून घ्या." प्रत्येक दाराशी त्या मला पुढे करायच्या. पहिल्या घरी मी नुसतंच पाकीट देऊन वळलो, तर त्यांनी बाहीला धरून थांबवलं. "काय केलंस ते आधी सांग. मग सही कुठे करायची ते दाखव." म्हणून दारोदार उभं राहून मी एकच वाक्य बोललो. मी तुम्हाला न विचारता तुमच्या कर्जात हे पैसे घातले होते. एका वेल्डरने माझी कॉलर धरली. मावशी म्हणाल्या, "सोडा त्याला, अजून फॉर्म भरायचाय." त्याने सोडलं, फॉर्म भरून घेतला आणि मग पुन्हा धरली.

सहाव्या दिवशी आम्ही एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरी गेलो. पाकिटावर एका तरुण माणसाचं नाव होतं. माल पोचवायला त्याने छोटी गाडी घेतली होती, ते मला आठवत होतं. त्याच्या बायकोने दार उघडलं. मागे खोलीत शिलाई मशीन, त्यावर शाळेच्या गणवेशांचा ढीग. मी नाव विचारलं तर ती म्हणाली, "ते गेले. आठ महिने झाले. हप्त्याचं असेल तर या महिन्याचा भरलाय मी."

मावशींनी माझ्या हातातून पाकीट घेतलं, चष्मा लावला आणि जिन्यातच उभ्या राहून पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. तिसऱ्या पानावर थांबल्या. मग एकेक शब्द सुटा करून मोठ्याने वाचलं, "कर्जदाराचा मृत्यू झाल्यास उरलेलं संपूर्ण कर्ज विमा कंपनी फेडील."

विम्यात हे असतं, मला माहीत होतं. गिऱ्हाइकांना न सांगता विकत होतो मी तो. पण त्या सदतीसांपैकी कुणी मेलं असेल, असा विचार एकदाही माझ्या मनाला शिवला नव्हता. आठ महिने ती बाई गणवेश शिवून, कधीच भरावे लागले नसते असे हप्ते भरत होती, आणि तिच्या सुटकेचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये स्टेपलरखाली पडला होता. मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

मावशी माझ्याकडे वळल्या. वाटलं, आता मारतील, आणि त्यांनी मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "बसू नकोस. अक्षर चांगलं आहे तुझं. लिहायला घे." मग त्या आत गेल्या आणि त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू विचारत गेल्या. कुठल्या दवाखान्यात, कुठला वॉर्ड, कागद कोणी दिला. मृत्यूच्या दाखल्याची प्रत कुठल्या खिडकीवर मिळते, तिथला कारकून जेवायला कधी जातो, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या दिवशी काकांचा व्यायाम बुडाला. एवढ्या दिवसांत तो एकदाच बुडाला.

पैसे यायला पाच महिने लागले. कंपनीने तीन वेळा कागद परत पाठवले आणि तिन्ही वेळा मावशी त्या बाईला गाडीत घालून त्यांच्या ऑफिसात जाऊन बसल्या. शेवटी कर्ज फिटलं, आणि नवरा गेल्यापासून भरलेले सगळे हप्ते परत मिळाले. बाकीच्यांपैकी एकोणतीस जणांनी विमा रद्द करून घेतला. काहींनी ठेवला, दोघांनी दारच उघडलं नाही. साहेबांची बदली झाली. मी आता टायरच्या दुकानात बिलं करतो. पगार निम्मा आहे.

मावशींनी मला कधी माफ केलं का, ते मला माहीत नाही. एकदा त्यांच्याकडे चहा पिताना धीर करून विचारलं होतं, "तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आला होता की," त्या म्हणाल्या. "अजून येतो. तेवढा तो कप सरकव इकडे."

शेवटचं पाकीट दिलं ती दुपार मला लख्ख आठवते. गावाबाहेरचं घर होतं. परतताना चढावर गाडी बंद पडली आणि जराशी मागे घसरली. मागे ट्रक होता. माझी पाचावर धारण बसली. मावशींनी हँडब्रेक ओढला, एक श्वास घेतला, किल्ली फिरवली, क्लच सावकाश सोडला, आणि गाडी वर चढायला लागली. माझ्या वळणावर मी उतरलो. त्यांनी पुढे पाहिलं, आरशात पाहिलं, काकांच्या गळ्याखाली आलेला पट्टा सारखा केला, आणि त्या निघाल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. त्यांना बराच वेळ लागला, कारण त्या दुसऱ्याच गिअरमध्ये होत्या.