अंगणातल्या गो-कार्टची चेन

दुरुस्तीने काळे झालेले हात साबणाने स्वच्छ होतात, किस्से मात्र घरात साठतच जातात. आमच्या नाते नावाच्या गावातल्या घरात सध्या निम्मे किस्से गो-कार्टचे आहेत.

गाडी आम्ही डिप्लोमाला असताना बनवली, जुन्या मोटारसायकलच्या इंजिनावर. गटातले बाकीचे नोकरीला पांगले. उरलो मी आणि मैत्रीण स्नेहल. वर्कशॉपच्या सरांनी बजावलं होतं, शनिवारी गावच्या मैदानावर चेन न उतरता दहा फेऱ्या झाल्या तर गाडी ज्युनिअर्सना, नाहीतर भंगारात.

*

चेन घाणीने कडक झालेली. डिझेलमध्ये भिजत घातली. घाईत आईच्या आमटीच्या पातेल्यात. आई ओरडली नाही. पातेलं माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "हे तुझ्या रुखवतात मांडू."

*

धुऊनही चेन दर दोन मिनिटांनी उतरायची. स्नेहलच्या मते ती सैल, म्हणून आम्ही ताणत सुटलो. माझे बाबा एमआयडीसीत फिटर. त्यांनी पुढच्या-मागच्या दातेरी चाकांना एक दोरी लावून दाखवली. मागचं चाक चांगलं दोन सूत, म्हणजे पाव इंच बाहेर!

"चेनला कशाला छळताय? रस्ता वाकडा तुम्ही केलाय."

*

चाक सरळ केलं, गाडी विटांवर चढवून इंजिन चालू केलं. पहिल्यांदा रेस देताच चेनने वरच्या पत्र्याच्या गार्डवर असा फटका मारला की मी थेट गोठ्याआड. शेजारचे धोंडूकाका शेळ्या घेऊन कुंपणाशी उभे.

"माझ्या शेळ्या हायत तिथंच हायत," ते म्हणाले. "तूच पळालीस काय गो?"

इंजिन परत जाऊन मीच बंद केलं. चाक सरळ करताना सैल पडलेली चेनही मीच बेतात ताणली. त्यानंतर ती उतरली नाही.

*

शनिवारी सर बाराला येणार होते. अकराला गाडी काढायला गेलो तर स्टिअरिंगला पाटी: "काम चालू आहे. हात लावू नये." आणि स्पार्क प्लगची वायर नुसतीच लोंबतेय.

बाबांच्या कारखान्यात शिस्त आहे. मशीनला हात लावण्याआधी, ते चुकून चालू होऊ नये म्हणून, त्याचा एखादा भाग काढून फिटरने खिशात ठेवायचा. सकाळी त्यांनी चेन एकदा शेवटची तपासली आणि प्लग खिशात तसाच घेऊन बसने ड्यूटीवर गेले. कारखान्यात फोन गेटवर जमा, म्हणजे विचारायचीही सोय नाही.

पण दारात बाबांची मोटारसायकल उभी होती, त्याच बनावटीच्या इंजिनाची. दहा मिनिटांत तिचा प्लग गो-कार्टला बसवला. दहा फेऱ्या झाल्या. अकरावी सरांनी स्वतः मारली.

संध्याकाळी बाबा आले. ओशाळून प्लग माझ्या हातावर ठेवला, मग बाजारात जायला मोटारसायकलकडे वळले. हँडलला त्यांचीच पाटी होती, प्लग काढताना मी अडकवलेली.

त्यांनी ती नीट वाचली. पिशवी काखोटीला मारली आणि चालत निघाले.