वेळूमामांचं तीनदा ऐकणं

करडी गावाजवळ वैनगंगेत डोंगा थांबवून वेळूमामा बांबूचं एक टोक पाण्यात बुडवत, दुसरं कानाला लावत आणि डोंग्यातल्या आम्हा सगळ्या पोरांना दम देत, "चूप बसा रे, मासोळी बोलून राहिली." मामा आमचे शेजारी, मासे धरणारे. त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नसे, बांबू मात्र गावभर प्रसिद्ध.

तीनदा ऐकल्याशिवाय त्यांनी कधी जाळं टाकलं नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "आला ना आवाज, टाका आता." तर म्हणाले, "एक बार आयकलं ते भवऱ्याचं. तीनई बार आलं ते मासोळीचं." मग डोंगा जरा सरकवायचा, पुन्हा कान. मला तेव्हा हा निव्वळ रिकामटेकडेपणा वाटे.

पुढे मी नागपुरात संशोधनाला लागले. खळाळत्या पाण्यातून आवाजाची लाट कशी जाते, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं. चार वर्षं घासली, तरी माझं उत्तर नदीत यंत्र बुडवून टिपलेल्या आवाजाशी जुळेना. उन्हाळ्यापर्यंत जमलं नाही तर सगळं बासनात गुंडाळा, असं मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं. रडकुंडीला येऊन मी घर गाठलं.

मामांना सगळं सांगितलं. भोवरे फार, म्हणून आधी त्यांची सरासरी काढून एक संथ नदी करते, मग तिच्यात आवाज सोडते. मामा पोट धरून हसले. "काय वो पोरी, नदी तूच थंडी केली, मंग आवाज कायले डगमगन? भवऱ्यातच सोड ना. येगयेगळ्या भवऱ्यात सोड, अन् मंग पाह्य काय उरते ते."

सरासरी शेवटी! इतकी साधी गोष्ट मी चार वर्षं उलटी करत होते. जेवायलाही न थांबता परतले. दर वेळी नवे भोवरे घालून शेकडो वेळा आवाज सोडला, सरासरी उत्तरांची काढली, आणि पडद्यावरची माझी रेघ नदीत टिपलेल्या आवाजाच्या रेघेवर अलगद जाऊन बसली. मी खुर्चीतून उडालेच. मामांना फोन केला तर म्हणाले, "हे एक बार झालं. अजून दोन बार पाह्य, मंग सांग."

दुसऱ्या दिवशी नदीतल्या आणखी एका नोंदीशीही जुळलं. आठवड्याने तिसरीशी जुळलं, तेव्हा लगेच मामांना फोन लावला. फोन त्यांच्या सुनेने उचलला.

"मामाजी सकाळीच गेले वो ताई."

मी म्हटलं, "पुन्हा सांग." तिने सांगितलं. मग तिसऱ्यांदा, मी न विचारताच, म्हणाली, "गेले."