दाढेपायी हुकलेला फोटो

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की दवाखान्यातल्या, बाळाच्या त्या पहिल्या फोटोत दुसरी आजी आहे, मग तू का नाहीस? तुमची आई मागून म्हणाली, "अरे, आजी आजारी होती तेव्हा," आणि तुम्ही शाळेचं सांगायला लागलात. हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. अर्धवट उत्तराला मी शाळेत कधी पूर्ण गुण दिले नाहीत, म्हणून पूर्ण लिहून पाठवते.

मी त्या फोटोत नाही, कारण माझ्या डावीकडच्या खालच्या शेवटच्या दाढेची हिरडी सुजली होती.

मला मधुमेह आहे हे तुम्हाला माहीत आहे. तो मला जुन्नरला असताना लागला. तिथल्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते. ज्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी मी शंभर पानी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या आणि रकाने पाडले: तारीख, रिकाम्या पोटी, जेवणानंतर, शेरा. निवृत्त होऊन निरगुडसरला येईपर्यंत अशा सहा वह्या भरल्या होत्या. तुमच्या आईने तिकडून बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र पाठवलं, तेव्हा तर माझ्या वहीत एकही दिवस कोरा राहत नसे. सांगायचा मुद्दा, मी निष्काळजी बाई नव्हते. म्हणूनच मला त्या प्रकाराचा आजही राग येतो.

तुमच्यातल्या थोरलीच्या जन्माला तीन आठवडे उरले होते. माझं तिकीट काढलेलं, व्हिसा आलेला. बाळंतपणाच्या दोन आठवडे आधी मी पोचायचं असं ठरलं होतं. बॅग भरून कॉटखाली ठेवली होती आणि तिच्यात काय काय आहे याची यादी तिच्याच कप्प्यात होती. अशा वेळी एका सकाळी भाकरी चावताना दाढेत कळ आली आणि दुसऱ्या दिवशी गाल असा सुजला, की तुमचे आजोबा म्हणाले, "एका बाजूने तू अगदी तरुण दिसतेस."

मंचरच्या डॉक्टरांकडे गेले. माझा मधुमेह तेच बघत. त्यांनी तपासलं, हिरडीत पू झालाय म्हणाले, गोळ्या दिल्या आणि दाताच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. दातांचा चांगला डॉक्टर तेव्हा आळेफाट्याला होता. खाली गॅरेज, वर त्याचा दवाखाना. ट्रकच्या हॉर्नने खुर्चीत बसलेलं माणूस दचकायचं आणि तो शांतपणे म्हणायचा, "हलू नका मॅडम." त्याने दाढेचा एक्स-रे काढला, दाढ काढावी लागेल म्हणाला आणि मग माझी वही चाळली.

"साखर दोनशे ऐंशी आहे. अशी दाढ काढली तर जखम भरणार नाही. दोनशेच्या आत आणा, मग या."

मी मंचरला परत. मंचरचे डॉक्टर म्हणाले, "बाई, अंगात पू असेपर्यंत साखर उतरणार कशी? आधी दाढ काढून घ्या."

मी परत आळेफाट्याला. तो म्हणाला, आधी साखर. दोघांनी एकमेकांना चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्या पोचवायचं काम माझ्याकडे. दोघांचंही बरोबर होतं हे मला कळत होतं, त्यामुळे भांडायचं कुणाशी हाही प्रश्न होता. शेवटी मंचरच्या डॉक्टरांनी दुसऱ्या, जास्त ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की औषध घ्या, पथ्य कडक पाळा, आठ दिवसांत साखर खाली येईल. आणि एवढा पू घेऊन विमानात बसायचं नाही.

तिकीट दहा दिवस पुढे ढकललं. तरी बाळंतपणाच्या आधी पोचणार होते.

आता घरचं सांगते. निरगुडसरला स्वयंपाकघर माझ्या थोरल्या जाऊबाईंचं होतं. तुम्ही तिला मोठी आजी म्हणता. मी तिला अक्का म्हणायची, आणि ती मला सगळ्या गावासारखं बाई म्हणायची. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, दोन इयत्ता शिकलेली, आणि तोंडात बत्तिशी शाबूत. ती रोज दोनदा मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती भुकटी दातांना, हिरड्यांना घासत उन्हात बसायचं. आपल्याकडच्या निम्म्या बायका लावत. मी जुन्नरला असताना पालकसभेत मिश्रीविरुद्ध उभं राहून बोललेली बाई. सुट्टीत गावी आले की अक्कालाही ऐकवायची. ती ऐकून घ्यायची आणि थुंकायला उठायची.

माझी हिरडी सुजल्यावर ती एकदाच म्हणाली, "बाई, चिमूटभर लावून बघ. ठणका जागच्या जागी बसंल."

"अक्का, विष आहे ते."

"मग माझं दात कसं हायेत अजून? तुझं तर ब्रशनं झिजलं."

मी उठून गेले.

भेटायला येणारे तर विचारूच नका. एकीने पेरूची पानं आणली, एकीने तुरटी, एकीने लवंगेचं तेल; ते तेवढं मी लावायची. एकजण म्हणाला, साखरेच्या गोळ्यांनीच दात सडतात, त्या सोडा. सगळ्यांना तोंड उघडून दाखवावं लागायचं. आत बघून प्रत्येकजण "अरारा, लई सुजलंय की" म्हणायचा आणि आपल्या मामाची, मेहुण्याची दाढ सांगायला बसायचा. मला बोलता येत नव्हतं आणि त्यांना ते सोयीचं होतं.

भाकरी बंद झाली. अक्का मला नाचणीची पेज करून द्यायची, सकाळ-संध्याकाळ. नाचणी मधुमेहाला चालते, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी वाटी मोजून प्यायची. गोळ्या वेळेवर. चहा बिनसाखरेचा. आणि साखर? दोनशे सत्तर. दोनशे नव्वद. एक दिवस तीनशे दहा.

मला आधी यंत्राचा संशय आला. सेल बदलले. मग तुमच्या आजोबांचं बोट धरून टोचलं. त्यांची अठ्ठ्याण्णव निघाली.

"यंत्र पास," ते बोट चोखत म्हणाले. "आता तू बघ."

तुमच्या आईचा फोन यायचा. "आई, येतेस ना?" ती एवढंच विचारायची, आणि तेवढ्यावरून मला कळायचं की ती घाबरली आहे. मी येते म्हणायची आणि वहीत बघायची.

चौथ्या का पाचव्या दिवशी दुपारी ठणका इतका वाढला, की मी एक गोष्ट केली. अक्का मळ्यात गेली होती. तिची मिश्रीची डबी चुलीच्या वरच्या फळीवर असायची. मी चिमूटभर घेतली आणि हिरडीला लावली. डोकं गरगरलं, पण पाच मिनिटांत दाढ बधिर. त्या दुपारी मी आठवड्यात पहिल्यांदा झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. मग सकाळी एकदा, दुपारी एकदा. वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात मी याबद्दल काही लिहिलं नाही. तीस वर्षं मुलींना खरं लिहायला शिकवलेल्या बाईचं हे.

आठ दिवस झाले. साखर दोनशे ऐंशी. सूज तशीच. अक्का म्हणाली, "मी येते संगं, बघू काय म्हणतोय त्यो." मंचरपर्यंत एक एसटी, तिथून नाशिककडे जाणारी दुसरी. तिने वाटेत पिण्यासाठी पेजेची बरणीसुद्धा घेतली होती.

आळेफाट्याच्या डॉक्टरने तोंडात बघितलं, आरसा फिरवला आणि थांबला.

"मॅडम, हिरडी भाजल्यासारखी पांढरी झालीय. मिश्री लावता का?"

"छे," मी म्हणाले.

"लावती," अक्का मागच्या स्टुलावरून म्हणाली. "माझ्या डबीतली. अर्धी डबी खाली झाली. मी म्हनलं लावू दे, ठणकत आसंल बिचारीला, कशाला बोलायचं."

डॉक्टर तरुण होता. त्याला हसू दाबता येत नव्हतं. माझी मुलगी परदेशात बाळंत होणार, मी शिकलेली बाई, आणि एवढ्या मोठ्या दिव्याखाली तोंड उघडं टाकून पडले होते. त्याने विचारलं, "आणि खाताय काय?"

"नाचणीची पेज. मीठ घालून," मी म्हणाले.

"गूळ घालून," अक्का म्हणाली.

मी खुर्चीत उठून बसले.

"गूळ?"

"मग? नुसती पेज कशी जाईल? तोंड कडूजार झालेलं तुझं औषदानं. चांगला लिंबाएवढा खडा घालते दर वाटीला. घरचा हाय, आपल्याच उसाचा. डागदरनी साखर बंद सांगितली व्हती. मी साखर घातलीय का?"

डॉक्टरने मला विचारलं, "तुम्हाला चव कळली नाही?"

मिश्रीने आणि लवंगेच्या तेलाने माझी जीभ चामड्यासारखी झाली होती. आठ दिवस मी दोन वेळा गूळ पीत होते आणि मला पत्ता नव्हता.

परत येताना एसटीत मी वही उघडून आठ दिवसांचे आकडे पुन्हा वाचले. ती खिडकीबाहेर बघत बसली. नारायणगाव गेल्यावर म्हणाली, "लेकीकडं जायचंय तुला. अंगात ताकद नको का?"

"अक्का, त्या ताकदीनेच मी इथे अडकलेय."

"तू मला सांगायचं व्हतंस, गूळ पन न्हाई म्हणून."

"आणि तू मला सांगायचं, गूळ घातलाय म्हणून."

"तू तरी कुठं सांगितलंस, डबी खाली केलीस ते?"

पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघायला लागला. मंचर आलं तेव्हा तिने पेजेची बरणी स्टँडवरच्या गटारात ओतली आणि बरणी हौदावर विसळून पिशवीत टाकली.

त्या दिवसापासून तिने पेज माझ्यासमोर करायला सुरुवात केली. मीठ घालताना चिमूट उचलून मला दाखवायची, जणू मी परीक्षेत पहारा करतेय. मिश्रीची डबी फळीवरून गेली. कुठे गेली ते मी विचारलं नाही. दाढ इतकी ठणकायची, की मला अक्काचा, डॉक्टरांचा, नाचणीचा, सगळ्यांचा राग यायचा. पण चौथ्या दिवशी साखर दोनशे वीस आली, सहाव्या दिवशी एकशे ब्याऐंशी. सातव्या दिवशी आम्ही आळेफाट्याला गेलो. पुढे ढकललेल्या तिकिटाचा दिवसही तोवर उलटून गेला होता.

दाढ पाच मिनिटांत निघाली. पाच मिनिटांसाठी तीन आठवडे. डॉक्टरने कापसाचा बोळा दिला आणि सांगितलं, की घरी पोचल्यावर बदला, दाबून धरा, संध्याकाळपर्यंत बोलू नका. घरी येऊन मी नुकताच बोळा बदलला होता, तेवढ्यात फोन वाजला. तुमचे आजोबा मळ्यात होते. मी रिसीव्हर उचलला आणि "हं" म्हणाले. पलीकडे तुमचे बाबा होते. ते "आई? आई, ऐकू येतंय का?" असं ओरडत होते आणि मी हं, हं करत होते. अक्काने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"मी बोलते. बाईच्या तोंडात कापूस हाय. बोला." मग ती ऐकत राहिली. "पोरगी? बरी हाय का लेक आमची? किती भरली?"

मी वही उघडून तिच्यापुढे ढकलली आणि पेन हातात दिलं. मला सगळं लिहिलेलं हवं होतं, आणि ती फोनवरून काय ऐकतेय ते मला दुसरं कसं कळणार? तिने रिसीव्हर खांद्याशी धरून, जीभ बाहेर काढून, एक एक अक्षर लिहिलं. मग माझ्या कानाशी रिसीव्हर धरला. तुमची आई होती. ती रडत होती. तिला मी जे पहिलं बोलले ते "हं" होतं, आणि दुसरंही तेच.

मी नऊ दिवसांनी पोचले. तोवर तो फोटो काढून, फ्रेममध्ये लावून झाला होता. दुसऱ्या आजीचा यात काही दोष नाही, तिची दाढ ठीक होती.

ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या तारखेला, रिकाम्या पोटी या रकान्यात, सकाळच्या एकशे अडुसष्टच्या खाली, अक्काच्या मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलंय: पोरगी झाली. तीन किलो शंभर. आई बरी. खाली पुढच्या दोन दिवसांच्या ओळीही तिने व्यापल्या आहेत, त्यामुळे ते दोन दिवस मला समासात लिहावे लागले. पुढच्या वेळी याल तेव्हा दाखवीन.