कागदावर न आलेली आखाजी

माझा घटस्फोट बिनबोभाट झाला, आणि त्याचा मला कोण तोरा! वकीलबाई पुण्याहून नुकत्याच जळगावात आलेल्या. त्यांनी नीट समजावलं होतं. वर्षभर वेगळे राहिलात, दोघांची संमती आहे, तर एकत्र अर्ज करा. कोर्ट सहा महिने विचाराला देतं. तरीही मन बदललं नाही तर निकाल. "नवरा-बायकोचं नातं संपेल," त्या म्हणाल्या, "आई-बापाचं संपत नाही." ते वाक्य मी कानाआड केलं. सात वर्षांच्या लेकीचा ताबा माझ्याकडे, एवढंच मला ऐकायचं होतं.

मग संमतीच्या अटी लिहिल्या. महिन्यातले दोन रविवार बापाचे. दिवाळी अर्धी-अर्धी. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पहिला महिना धुळ्याला, त्याच्याकडे. "आणखी कुठला सण घालायचा?" बाईंनी विचारलं. शेजारी माझी आई बसली होती. तिला वाटलं, बाई आखाजीचं विचारताहेत. "आखाजीले पोर मायनाकडेच येस. त्यामां लिखानं काय शे?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. अक्षय तृतीयेला लेक आईकडे येते, झोके घेते, गौराईची गाणी म्हणते, हे खानदेशात कोणी कागदावर लिहितं का? सही ठोकून मोकळी झाले.

निकाल लागला, आणि काही महिन्यांत नवऱ्याने दुसरं लग्न केलं. बायको शिरपूरची. लेकीला मीच बजावलं, तिला मावशी म्हणायचं, आई म्हटलंस तर याद राख.

आणि आखाजी आली ती नेमकी त्याच्या महिन्यात.

सकाळी फोनवर फोटो आला. माझी पोर झोक्यावर, कोपरापर्यंत मेंदी, दोन वेण्यांत मोगरा. माझ्याकडे केसांना हात लावला की भोकाड पसरते, आणि तिथे कशी शहाण्यासारखी बसली असेल! अंगाचा तिळपापड झाला. माय मरो, मावशी जगो म्हणतात ना, ती म्हण काढणाऱ्याला पोरगी नसणार. मी नोकरी करते त्या डाळमिलच्या ऑफिसला सुट्टी होतीच. तशीच धुळ्याची एसटी धरली.

दार त्या मावशीनेच उघडलं. "या ताई," म्हणाली. तो दुकानावर होता, पोर मागच्या अंगणात झोक्यावर.

"आज आखाजी आहे. पोरीला न्यायला आले," मी म्हटलं.

ती गोंधळली. मी तिच्यासमोरच वकीलबाईंना फोन लावला, म्हटलं ऐकू दे तिलाही. बाई म्हणाल्या, "हा महिना त्यांचा आहे. आदेश तुम्हीच मोडलात तर तुमच्याच अंगाशी येईल. बदल हवा असेल तर अर्ज करू. ताब्याच्या अटी दगडावर कोरलेल्या नसतात, मुलीचं हित बघून कोर्ट त्या बदलतं."

फोन ठेवला. तोंडघशी पडले होते, मग तिच्यावरच घसरले. "तुला माहेर नाही का गं? आखाजीला सासरी काय करतेस?"

"आहे ना ताई. लग्नानंतरची पहिलीच आखाजी. काल भाऊ न्यायला आला होता, परत पाठवला. पोर इथे, हे दिवसभर दुकानावर. तिला झोका कोण देणार?"

मला तिचा आणखीच राग आला. वाईट वागली असती तर किती बरं झालं असतं! तिने खापरावरची पुरणपोळी वाढली. माझी कधी इतकी पातळ होत नाही. दोन खाल्ल्या आणि एकटीच परत आले.

जळगावला पोचल्यावर पहिलं काम अर्जाचं केलं. त्यानेही सही दिली, खळखळ न करता. कागदावर ओळ आली: अक्षय तृतीयेला मुलगी आईकडे राहील. ती ओळ मी आईला दोनदा वाचून दाखवली.

पुढच्या आखाजीला आमच्या कडुलिंबाला झोका बांधला. मी मेंदी लावली, वेण्या घातल्या, मोगरा माळला. पोर रडली नाही. मी झोका देत होते, छाती फुगली होती माझी. म्हटलं, बघ म्हणावं आता.

झोका थांबवून पोर म्हणाली, "आई, मावशी या वेळी शिरपूरला गेली ना? तिला झोका कोण देतंय? फोन लाव ना."

"तिची आई देत असेल," मी म्हटलं.

"तिला आई नाहीये. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. मी फोन लावून पोरीच्या हातात दिला. "मावशी, तू पुढच्या आखाजीला आमच्याकडेच ये," ती ओरडून सांगत होती. मग फोन माझ्यापुढे धरला, "आई, तू पण सांग."

 मी फोन घेतला आणि म्हटलं, "ये गं, पण खापरावरच्या पोळ्या तूच करायच्या."